घरातनं जाऊन-येऊन बीएस्सी: सांगलीतल्या तीन वर्षांचा अनुभव

बारावीचा निकाल लागला की मला गावातनं फोन सुरू होतात. ताई, बीएस्सीला कुठं घेऊ, सांगलीत चालेल का पुण्यालाच जावं लागेल, पप्पा नको म्हणत्यात, मैत्रिणी तर सगळ्या चालल्यात. प्रत्येकीला फोनवर अर्धं अर्धं सांगून होतंय आणि महत्त्वाचं नेमकं राहतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, आणि सांगलीतल्या एका कॉलेजमधनं केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केली, तीन वर्षं रोज एसटीनं जाऊन-येऊन. कॉलेजचं नाव घालत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि ज्या सर-मॅडमनी आमच्यासाठी जीव टाकला त्यांच्याकडं त्या वाचून कुणी बोट दाखवायला नको. पाचपैकी चार देते, आणि हे चार मनापासून देते.

आधी आपल्याकडं काय काय आहे ते बघा, कारण "सांगलीत सायन्सला काय ठेवलंय" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. तासगावातच पद्मभूषण डॉ. वसंतरावदादा पाटील महाविद्यालय आहे, विट्याला रयत शिक्षण संस्थेचं बळवंत कॉलेज आहे, पलूसकडच्यांना रामानंदनगरचं रयतचं कॉलेज जवळ पडतं. सांगलीत विश्रामबागला विलिंग्डन, ते तर १९१९ सालचं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे पुण्याचं फर्ग्युसन ज्या संस्थेचं आहे त्यांचंच. शिवाय कस्तुरबाई वालचंद कॉलेज. वाळवा-शिराळ्याकडच्या पोरी कराडला जातात, तिथं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आहे. साताऱ्याला रयतचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, ते तर आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहे. माझी आतेबहीण साताऱ्याची, बॉटनीवाली, तिचं म्हणणं की कास पठार पंचवीस किलोमीटरवर असताना बॉटनी शिकायला आणखी लांब कशाला जायचं, सप्टेंबरात सकाळी निघायचं, सीतेची आसवं आणि दवबिंदू, दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती, जागेवर गुडघे टेकून बघायच्या आणि दुपारी घरी जेवायला. तिचं हे बोलणं माझ्या डोक्यात बारावीपासनं बसलं होतं.

आणि एक गोष्ट ॲडमिशनच्या वेळी कुणी नीट सांगत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत, १९६२ चं विद्यापीठ, त्यामुळं डिग्रीच्या कागदावर नाव विद्यापीठाचं येतं आणि सिलॅबस पण तोच असतो, मग तुम्ही तासगावला शिका नाहीतर सांगलीला. जी कॉलेजं ऑटोनॉमस झालीत ती आपला सिलॅबस आणि पेपर आपण काढतात, तेवढा फरक. म्हणजे पुस्तकातला अभ्यास सगळीकडं जवळपास सारखाच, मग निवडायचं कशावरनं? माझं उत्तर एकच, प्रॅक्टिकल खरंच होतात का आणि घर ते लॅब जायला किती वेळ लागतो. बाकी गेट, बोर्ड, बाग, ऑडिटोरियम हे सगळं नंतर.

मी आणि पप्पा जूनमध्ये तीन कॉलेजं बघून आलो. पप्पा दहावी शिकलेले, पण त्यांना बागेतली माणसं पारखायची सवय, ते ऑफिसात माहितीपत्रक वाचत बसले नाहीत. एका कॉलेजात आम्हाला लॅब दाखवायलाच नको म्हणाले, सुट्टी आहे, किल्ली नाही, नंतर या. दुसऱ्या ठिकाणी लॅब उघडी होती, पण बाटल्यांवरची लेबलं पिवळी पडून अक्षरं उडालेली आणि बेसिनमध्ये धूळ. बेसिन कोरडं आणि धुळकट असेल तर तिथं गेल्या कित्येक महिन्यांत कुणी टेस्टट्यूब धुतलेली नाही, हे पप्पांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं, मला कळलंच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी सुट्टी असूनसुद्धा लॅबचे मामा ब्युरेट, म्हणजे ॲसिड मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या, धुवून स्टँडला उलट्या लावून ठेवत होते, त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि शेजारी टीवायच्या म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दोन पोरी कसल्यातरी फॉर्मसाठी आलेल्या, त्यांच्याकडं जर्नल होतं.

ते जर्नल मी मागून घेतलं आणि आज प्रत्येकीला हेच सांगते की सीनिअरचं जर्नल मागा आणि त्यातल्या तारखा बघा. जुलैपासनं दर आठवड्याला एक तारीख, मॅडमची सही, मध्ये कुठंतरी ॲसिडचा डाग, एखाद्या रीडिंगवर काट मारून दुसरं लिहिलेलं, असं असेल तर प्रॅक्टिकल झालेत. सगळं एकाच पेनानं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही आणि सह्या सगळ्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातल्या, तर ते उतरवून काढलेलं आहे, तिथं जाऊ नका, मग ते घराच्या समोर असलं तरी. आम्ही तिसऱ्या ठिकाणी ॲडमिशन घेतली.

आता प्रवासाचं सांगते कारण फोनवर पहिला प्रश्न तोच असतो. सकाळी सहा चाळीसची गाडी गावातनं, तासगाव स्टँडला उतरायचं, तिथनं सांगलीची गाडी, कवठे एकंद, कवलापूर, माधवनगर करत सांगली स्टँड, पुढं शहर बस. सगळं धरून एका बाजूला दीड तास, पावसाळ्यात जास्त. पहिले दोन महिने मी घरी आल्यावर जेवण न करता झोपायचे. मग सवय झाली, आणि तासगाव ते सांगली गाडीत बसायला जागा मिळते ते पाऊण-एक तास माझे वाचायचे ठरले, रिॲक्शन मेकॅनिझम मी निम्मं एसटीत पाठ केलंय, खिडकीच्या बाजूला बसून, वहीवर हात धरून. खर्चाचं म्हणाल तर विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन भागांतला एकच भाग आपण भरायचा, बायकांना २०२३ च्या मार्चपासनं अर्धं तिकीट आहे तरी रोजच्याला पासच स्वस्त पडतो. माझी मैत्रीण पुण्यात कॉट बेसिसवर राहायची, ती एका महिन्याचं जे भाडं भरायची त्यात माझा कित्येक महिन्यांचा पास निघायचा, मेसचे वेगळेच.

पावसाळ्यात मात्र सांगली म्हणजे सांगली. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या ग्रुपवर रोज सकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी यायची, ४५ फुटाला धोका, आणि २०१९ ला स्टँडपर्यंत पाणी आलेलं घरच्यांनी बघितलेलं असल्यामुळं चाळीसच्या वर गेलं की आई सोडायची नाही. तेवढे चार-आठ दिवस दरवर्षी जातात असं धरूनच चाला, मॅडम ती प्रॅक्टिकल नंतर घेतात.

कॉलेजातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे बॅच लहान होती. आम्ही लॅबला अठराजणी-जण, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट. पुण्यातल्या मैत्रिणीच्या बॅचला दोघा-तिघांत एक सेट असायचा, ती म्हणायची मी रीडिंग लिहिते आणि दुसरी करते. मला आठवतंय पहिल्या सहामाहीत फ्लेम टेस्ट होती, स्ट्रॉन्शियम लालभडक, बेरियम पोपटी, सोडियम पिवळा, आणि कवठे एकंदचा एक मुलगा आमच्या बॅचला होता, तो एकदम म्हणाला मॅडम हे तर आमच्या दसऱ्याचे रंग आहेत. त्यांच्या गावात दसऱ्याला पालखीपुढं शोभेच्या दारूची आतषबाजी असते, अख्ख्या जिल्ह्यातनं लोक बघायला जातात. मॅडमनी त्या दिवशी सिलॅबस बाजूला ठेवला आणि लाल कशानं येतो, हिरवा कशानं, इलेक्ट्रॉन वरच्या लेव्हलला जाऊन खाली येताना ठराविक रंगाचाच उजेड का देतो, हे सगळं त्याच्या गावच्या दारूकामावरनं शिकवलं. तीन वर्षांत मी ते एकदाही विसरले नाही. बारावीला हेच पाठ केलेलं, पण कळलं त्या दिवशी. शिकवणाऱ्या बाईंना आपलं गाव माहीत असणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

आणि आता बेदाण्याचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण जवळचं कॉलेज घेतल्याचा मला झालेला खरा फायदा हाच आहे.

आम्हाला फील्ड प्रोजेक्ट होता. बाकीच्यांनी पाण्याचा टीडीएस, मातीचा पीएच असले विषय घेतले, चांगले आहेत, पण मला मॅडम म्हणाल्या, तुझ्या घरी बेदाणा करतात ना, मग दुसरीकडं कशाला बघतेस? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षाचा बेदाणा करताना घड आधी एका पाण्यात बुडवतात, त्यात डिपिंग ऑइल असतं म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, आणि पोटॅशियम कार्बोनेट. साधारण लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली ऑइल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही, या डिपिंगनं तो थर सैल होतो आणि रॅकवर जाळीत टाकल्यावर पंधराएक दिवसांत माल वाळतो. न बुडवता टाकला तर महिना लागेल आणि काळा पडेल. हे आमच्या शेडवर कित्येक वर्षं चाललंय, पण टबातलं पाणी कधी बदलायचं हे चुलते अंदाजानं ठरवायचे. हाताला बुळबुळीत लागतंय तोवर चालू.

मी काय केलं, फेब्रुवारीत सकाळी डिपिंग सुरू झालं की ताज्या टबातलं पाणी एका बाटलीत, मग दहा क्रेट झाल्यावर दुसऱ्या, वीस झाल्यावर तिसऱ्या, अशा बाटल्या भरून दुसऱ्या दिवशी सहा चाळीसच्या गाडीनं दप्तरात घालून लॅबला. डबल इंडिकेटर टायट्रेशन, जे आम्हाला सिलॅबसलाच होतं. ब्युरेटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड, खाली फ्लास्कमध्ये आमच्या शेडचं पाणी, आधी फिनॉल्फ्थॅलिन घालायचं, गुलाबी होतं, ॲसिड थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला गुलाबी जातो, ते पहिलं रीडिंग. मग त्यातच मिथाइल ऑरेंज, पिवळं होतं, पुन्हा ॲसिड, केशरी झालं की दुसरं रीडिंग. नुसतं कार्बोनेट असेल तर दोन्ही टप्प्यांना सारखंच ॲसिड लागतं. ताज्या पाण्याचं तसंच आलं. पण वीस क्रेटनंतरच्या बाटलीत गुलाबी लवकर गेला आणि दुसरा टप्पा लांबला. म्हणजे फुटलेल्या मण्यांचा रस टबात उतरून त्यातल्या आंबटपणानं, टार्टारिक ॲसिडनं, कार्बोनेटचं बायकार्बोनेट होत चाललं होतं, पाणी बुळबुळीत लागत असलं तरी त्यातला जोर गेलेला.

मी ते तीन वेळा केलं कारण मला पहिल्यांदा खरं वाटेना. तिसऱ्या दिवशीही तेच आल्यावर रीडिंग घेऊन मॅडमकडं गेले, त्यांनी वहीवर आकडे बघितले आणि म्हणाल्या, हे तुझ्या काकांना दाखव, माझ्यापेक्षा त्यांना जास्त उपयोग आहे. संध्याकाळी शेडवर मी चुलत्यांना फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून दोन ग्लास दाखवले, एक गडद गुलाबी आणि एक फिक्का. त्यांनी काहीच न बोलता टबाचा कॉक सोडला. दुसऱ्या दिवसापासनं क्रेट मोजायला शेडच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागले, अजून मारतात.

आता हेच मी पुण्यात असते तर? बाटल्या कुणी आणल्या असत्या, तीन-तीन वेळा कशा झाल्या असत्या, आणि ते पाणी कुरिअरनं पोचेपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन वेगळंच झालं असतं. मोठ्या शहरात मोठी मशीन आहेत हे मला मान्य आहे. पण सॅम्पल आमच्याकडं आहे. सांगली-तासगावला द्राक्ष, बेदाणा, हळद, साताऱ्याला कास, पाटण-कराडकडं कोयनेचे भूकंप, १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथं सतत अभ्यास चाललाय आणि त्यासाठी कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्सची प्रयोगशाळा आहे, तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय त्यांनी. फिजिक्स-जिऑलॉजीवाल्या पोरांनी हे घराजवळ असताना बघितलंसुद्धा नसतं.

तक्रारी. पहिली, शिक्षक. आमच्या डिपार्टमेंटला कायमच्या दोनच मॅडम, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासाला पैसे. एसवायला इनऑरगॅनिकचे सर फार सुंदर शिकवायचे, आणि सेमिस्टरच्या मध्यात सोडून गेले, दुसरीकडं नोकरी लागली. त्यांचा काय दोष, त्यांना घर चालवायचंय. पण पुढचा दीड महिना आम्हाला त्या पेपरला कुणीच नव्हतं आणि कोऑर्डिनेशन केमिस्ट्री आम्ही चौघींनी मिळून यूट्यूबवर केली. मी ऑफिसला अर्ज दिला, दोनदा भेटून आले, दोन्ही वेळा बघतो म्हणाले. नवीन कुणीतरी आले तेव्हा परीक्षेला तीन आठवडे उरले होते. या पेपरला मला सगळ्यात कमी मार्क आहेत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून ॲडमिशनच्या आधी सरळ विचारा, या विषयाला पर्मनंट किती आणि सीएचबी किती. विचारायला लाजू नका.

दुसरी, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर. होता, पण कापड घालून, कपाटाच्या वर, बल्ब गेलेला. तीन वर्षांत तो मी चालू बघितला नाही. माहितीपत्रकात त्याचा फोटो होता. इन्स्ट्रुमेंटची यादी वाचून खूश होऊ नका, त्यातलं एखादं चालू करून दाखवा म्हणा.

तिसरी, लायब्ररी पाचला बंद. जाऊन-येऊन करणाऱ्यांना तसंही पाचच्या गाडीला पळायला लागतं, पण परीक्षेच्या महिन्यात तरी सातपर्यंत पाहिजे होती. आणि पुढच्या एन्ट्रन्सचं मार्गदर्शन जवळजवळ नाही. आयआयटी जॅम म्हणून परीक्षा असते, फेब्रुवारीत, तिच्यावर आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, हे मला टीवायच्या दिवाळीत कळलं आणि तेसुद्धा आतेबहिणीकडनं. इन्स्पायर स्कॉलरशिपचं तर कळलं तेव्हा वेळ गेलेली, बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि प्युअर सायन्सला ॲडमिशन घेतलीत तर वर्षाला ८०,००० मिळतात, आमच्या वर्गातल्या एकीला बसलं असतं, तिला कुणी सांगितलंच नाही. ती पोरगी आज डीएड करतेय. माझा पाचवा स्टार इथं गेला.

अजून एक, जे कॉलेजचं नाही, घरचं आहे. जवळच्या कॉलेजला घालताना आई-वडील म्हणतात पोरगी डोळ्यासमोर राहील, आणि ती डोळ्यासमोर राहिली की मग पाणी भर, भाकरी कर, बागेत माणसं आल्यात चहा ने. ऑक्टोबर छाटणीनंतर आणि जानेवारी ते मार्च आमच्याकडं कुणालाच बसायला वेळ नसतो आणि परीक्षा नेमक्या त्यातच. पहिल्या वर्षी मी दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी बाग असं केलं, मार्क घसरले. मग मी पप्पांना आज्जीसमोर बसवून सांगितलं की परीक्षेच्या आधीचा महिना मी घरात नाहीच असं समजायचं, पुण्यात आहे असं समजा. आज्जीनं माझी बाजू घेतली, ती म्हणाली पोरीला शिकवायचं आहे तर नीट शिकवा. तेव्हापासनं त्या महिन्यात माझ्या वाटची कामं आई आणि भाऊ करायचे. हे बोलणं ॲडमिशनच्या आधी करून घ्या, नंतर जड जातं. पोरांना हे कुणी सांगायला लागत नाही, पोरींना लागतं, म्हणून लिहिलं.

विषयाबद्दल एक सांगायचं राहिलं. काही कॉलेजांत एफवायला फिजिक्स, मॅथ्स, झूलॉजी सगळं असतं पण टीवायला तो विषय मुख्य म्हणून नसतो, पोरं कमी म्हणून. मग दोन वर्षांनी एक तर विषय बदला नाहीतर कॉलेज बदला. माझ्या बरोबरच्या एकीला गणित घ्यायचं होतं, ती आज केमिस्ट्री करून बसलीय. आता मेजर-मायनर आलंय, चार वर्षांची ऑनर्स डिग्री आलीय, तर हे आणखी खोदून विचारा, मेजरला शेवटच्या वर्षापर्यंत काय आहे, चौथं वर्ष इथंच होणार का दुसरीकडं जावं लागणार. महाडीबीटीचा म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म पण दरवर्षी रिन्यू करायचा असतो, उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा, तहसीलला नंतर गर्दी होते.

पुण्याला कुणी जावं? ज्यांना बायोटेक, स्टॅटिस्टिक्स, मायक्रोबायोलॉजीतलं काही खास पाहिजे आणि ते इथं टीवायपर्यंत नाही, त्यांनी जावं. आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, लागलं तर डोळे झाकून जावं, तो वेगळाच दर्जा आहे. घरात अभ्यासाला कोपरा नाही, वातावरण नाही, त्यांनी पण जावं, हॉस्टेलला राहून माणूस मोकळा होतो हे मी बघितलंय. रात्री मैत्रिणींबरोबर बसून अभ्यास करणं मला मिळालं नाही, त्याची हुरहूर आहे. पण नुसतं सगळे चाललेत म्हणून जायचं आणि तिथं कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कॉलेजात गर्दीच्या बॅचला उभं राहायचं, त्यापेक्षा इथली अठराजणांची बॅच मी दहा वेळा घेईन.

मी सध्या कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करतेय, ॲग्रोकेमिकल्स अँड पेस्ट मॅनेजमेंट. हा विषय घ्यायचं कारणही घरचंच. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, आपल्याकडं शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात, छाटणीनंतर शेंडा थांबवायला आणि घड जास्त निघायला मारायचे. मी तेव्हा लहान होते, मला फक्त पप्पा रात्री झोपायचे नाहीत एवढं आठवतं. आता मी त्याच रेणूचा रेसिड्यू कसा काढतात ते शिकतेय. इथं विद्यापीठात मशीन चालू आहेत, आणि कोल्हापूर घरापासनं इतकं लांब नाही की शनिवारी जाता येणार नाही. बॅगेत अजूनही कधी कधी बाटल्या असतात.

शेजारच्या काकूंची मुलगी यंदा बारावी झालीय, झूलॉजी पाहिजे म्हणतेय, घरचे अजून ठरवत नाहीत. तिला म्हटलं नुसत्या माझ्या सांगण्यावर जाऊ नको, बघून घे. येत्या गुरुवारी मी सुट्टीला येतेय, सहा चाळीसच्याच गाडीनं तिला आणि काकूंना घेऊन सांगलीला जाणार आहे. लॅबच्या मामांना फोन करून ठेवलाय, ते म्हणाले ये, किल्ली माझ्याकडंच असते.